समोरच होतं, पण दिसलं नाही: निवडक अवधान आणि जाणीव यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसशास्त्राचे विद्यार्थी, त्यांना शिकवणारे शिक्षक आणि निव्वळ कुतूहल असलेले वाचक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, शेवटचे अडचणीचे. जे एका उत्तरात आलं आहे ते दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लक्ष आणि जाणीव म्हणजे एकच ना? मग दोन शब्द कशाला?

रोजच्या बोलण्यात एकच. ‘माझं लक्ष नव्हतं’ म्हणताना आपल्याला ‘मला कळलंच नाही’ असंच सांगायचं असतं. मानसशास्त्रात मात्र अवधान म्हणजे निवड: डोळ्याकानांवर आदळणाऱ्या ढीगभर माहितीतला काही भाग उचलून त्यावर जास्त काम करणं. जाणीव म्हणजे अनुभव: ‘मला दिसलं’, ‘मला ऐकू आलं’ असं तुम्ही ज्याबद्दल सांगू शकता ते. दोन्ही बहुतेक वेळा हातात हात घालूनच चालतात, म्हणून गोंधळ होतो. त्यांची फारकत कुठे होते ते प्रश्न १२ आणि १३ मध्ये आहे.

२. ‘निवडक अवधाना’चा अभ्यास नेमका कुठून सुरू झाला?

विल्यम जेम्स यांनी १८९० सालीच अवधानावर सविस्तर लिहिलं होतं, पण प्रयोगांची वाट मोकळी झाली ती १९५३ मध्ये. कॉलिन चेरी यांनी हेडफोनच्या दोन बाजूंना दोन वेगळे उतारे ऐकवले आणि एका कानातला उतारा ऐकता ऐकता मोठ्याने म्हणायला लावला. हे मागोमाग म्हणणं फार महत्त्वाचं आहे, कारण त्यात माणूस पुरता गुंततो आणि दुसऱ्या कानात चोरून डोकावायला त्याला उसंत राहत नाही.

नंतर विचारलं, दुसऱ्या कानात काय होतं? माणसाचा आवाज होता हे लोकांना सांगता आलं. पुरुषाचा आवाज जाऊन बाईचा आला तर ते कळलं, मध्येच नुसता सूर वाजला तर तोही कळला. पण भाषा इंग्रजीवरून जर्मनवर गेली हे कळलं नाही. उलटं वाजवलेलं बोलणं मोजक्यांनाच ‘काहीतरी विचित्र’ वाटलं. आवाजाचा पोत आत आला, अर्थ दाराबाहेरच राहिला.

३. लग्नाच्या हॉलमध्ये एवढा गोंगाट असतो, तरी कोणी आपलं नाव घेतलं की लगेच कसं ऐकू येतं?

‘लगेच’ आणि ‘नेहमी’ हे दोन्ही शब्द जरा सांभाळून वापरायला हवेत. नेव्हिल मोरे यांनी १९५९ मध्ये हेच तपासलं. दुर्लक्षित कानात स्वतःचं नाव आलेलं साधारण एक तृतीयांश लोकांनाच कळलं. १९९५ मध्ये जास्त काटेकोरपणे केलेल्या प्रयोगातही प्रमाण तेवढंच निघालं. म्हणजे दोन तृतीयांश वेळा नाव घेतलं गेलं आणि आपण समोरच्या माणसाशी बोलत राहिलो. जे निसटलं त्याचा पत्ताच लागत नाही. जे ऐकू आलं तेवढंच लक्षात राहतं, त्यामुळे ‘मला नेहमी ऐकू येतं’ अशी समजूत होते.

कोणाला ऐकू येतं हेही गमतीचं आहे. २००१ च्या एका अभ्यासात ज्यांची कार्यकारी स्मृती (काम चालू असताना माहिती मनात धरून ठेवण्याची क्षमता) कमकुवत होती अशा ६५ टक्के लोकांनी नाव ऐकलं, ज्यांची बळकट होती त्यांतल्या फक्त २० टक्क्यांनी. नाव ऐकू येणं हे तीक्ष्ण कानाचं लक्षण नसून हातातल्या कामावरून लक्ष घसरल्याचं लक्षण असू शकतं.

४. नको असलेली माहिती अडवणारी गाळणी सुरुवातीला लागते की शेवटी? परीक्षेत कोणाचं बरोबर म्हणून लिहायचं?

डोनाल्ड ब्रॉडबेंट (१९५८): गाळणी सुरुवातीलाच. आवाज, दिशा, स्वराची उंची अशा भौतिक गुणांवरून निवड होते आणि उरलेल्याचा अर्थ लागतच नाही. मग नाव कसं ऐकू येतं, हा प्रश्न इथे अडतो.

ॲन ट्रीझमन: गाळणी बंद करत नाही, नळ बारीक करते. १९६० च्या त्यांच्या प्रयोगात गोष्ट मध्येच एका कानातून दुसऱ्या कानात सरकवली, तेव्हा काही जण सूचना विसरून एखाददुसरा शब्द गोष्टीमागे ‘चुकीच्या’ कानात गेले. स्वतःचं नाव, ‘आग’ असे शब्द क्षीण आवाजातही पुरतात, कारण त्यांचा उंबरठा (जाणवायला लागणारी किमान तीव्रता) खाली असतो.

डॉइच आणि डॉइच (१९६३): अर्थ सगळ्याचाच लागतो, निवड शेवटी होते.

बहुतेक उत्तरपत्रिका इथे थांबतात आणि ट्रीझमन यांना विजयी घोषित करतात. नीली लावी यांचा १९९५ चा मुद्दा त्यात नसेल तर उत्तर अर्धवट आहे. कामाचा संवेदनभार (डोळ्याकानांना एका वेळी पारखावे लागणारे तपशील) जास्त असेल तर निवड लवकर होते, कारण बाकीच्यासाठी काही शिल्लकच राहत नाही. काम हलकं असेल तर उरलेली क्षमता आपोआप आजूबाजूला सांडते आणि निवड उशिरा होते. आधीच्या भांडणातल्या दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या भाराचे प्रयोग केले होते, हे त्यामुळे ध्यानात आलं.

५. गोरिलाचा प्रयोग खरा आहे का? मला तर तो लगेच दिसला.

खरा आहे. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी तो १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. मूळ कल्पना उल्रिक नायसर यांच्या १९७० च्या दशकातल्या प्रयोगांची. पांढऱ्या आणि काळ्या कपड्यांतले खेळाडू चेंडू फेकतात, प्रेक्षकांनी एका संघाचे पास मोजायचे, आणि मध्येच गोरिलाच्या वेशातली व्यक्ती चालत जाते. सगळे प्रकार धरून साधारण निम्म्या लोकांना (४६ टक्के) अनपेक्षित घटना दिसली नाही.

तुम्हाला दिसला तर त्यात विशेष काही नाही, निम्म्यांना दिसतोच. तुम्ही कोणाचे पास मोजत होता हेही बघा. काळ्या संघाकडे लक्ष असलेल्यांना काळा गोरिला जास्त दिसला. आणि तुम्ही मोजणी नीट केली होती का? ज्याने मोजलंच नाही त्याला गोरिला दिसणारच. शिवाय आता हा व्हिडिओ इतक्या ठिकाणी फिरला आहे की ‘चेंडूचे पास मोजा’ म्हटल्याबरोबर लोक गोरिला शोधू लागतात. सायमन्स यांनी २०१० मध्ये याचाच फायदा घेऊन दुसरा व्हिडिओ केला: गोरिलाची वाट पाहणाऱ्यांना तो दिसला, पण मागच्या पडद्याचा रंग बदलला आणि एक खेळाडू निघून गेली हे बहुतेकांच्या नजरेतून सुटलं.

६. म्हणजे डोळे त्या बाजूला वळलेच नसतील, एवढंच ना?

नाही, आणि हीच या विषयातली सगळ्यात पचायला जड गोष्ट आहे. २०१३ मध्ये ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ यांनी २४ क्षकिरणतज्ज्ञांना फुफ्फुसाचे सीटी स्कॅन देऊन गाठी शोधायला सांगितलं. एका स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घातलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना तो दिसला नाही. नजरेची नोंद घेणारं यंत्र लावलेलं होतं. त्या २० पैकी १२ जणांची नजर थेट गोरिलावर पडली होती.

ॲरियन मॅक आणि आयर्विन रॉक यांच्या प्रयोगांत तर नजर जिथे खिळवायला सांगितली होती तिथेच अनपेक्षित आकृती दाखवली, तेव्हा चुकणाऱ्यांचं प्रमाण बाजूला दाखवण्यापेक्षा बरंच वाढलं. लक्ष दुसरीकडे ठेवताना मधली जागा बहुधा मुद्दाम दाबून टाकावी लागते.

७. ‘बदल-अंधत्व’ म्हणजे हेच का?

नाही, चुलत भाऊ म्हणा. गोरिलाच्या प्रयोगातल्या अनवधान-अंधत्वात एक नवी गोष्ट समोर असते आणि ती दिसत नाही. तुलना लागत नाही. बदल-अंधत्वात आधीचं आणि आताचं दृश्य यांची तुलना करावी लागते आणि ती फसते. प्रयोगशाळेतला नेहमीचा प्रकार असा: चित्र २४० मिलिसेकंद, कोरा पडदा ८० मिलिसेकंद, मग बदललेलं चित्र, पुन्हा कोरा पडदा, असं चालू ठेवायचं. कोऱ्या पडद्यामुळे बदलाच्या जागेची हालचाल झाकली जाते आणि विमानाचं अख्खं इंजिन गायब होत असलं तरी शोधायला वेळ लागतो. कोरा पडदा काढला की बदल तत्काळ डोळ्यांत भरतो.

रस्त्यावरचा प्रयोग १९९८ चा, सायमन्स आणि लेव्हिन यांचा: पत्ता विचारणारा माणूस, मध्येच दार वाहून नेणारे लोक, आणि त्या आडोशाने माणूसच बदलला. १५ पैकी ७ जणांच्याच ते लक्षात आलं.

८. वर्गात हा प्रयोग करून दाखवायचा आहे. गोरिला सगळ्यांना माहीत आहे. दुसरं काय करता येईल?

मॅक आणि रॉक यांची अधिक-चिन्हाची चाचणी करा. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. पण प्रेझेंटेशनच्या आपोआप पुढे जाणाऱ्या स्लाइडवर विसंबू नका, इतक्या लहान वेळेला ती अचूक चालत नाही. ३० फ्रेम प्रतिसेकंदाचा व्हिडिओ बनवा. प्रत्येक खेपेत: मध्यावर ठिपका ४५ फ्रेम (दीड सेकंद), मग ठिपक्याच्या एका बाजूला मोठं अधिक-चिन्ह ६ फ्रेम (२०० मिलिसेकंद), मग पडदाभर काळे-पांढरे चौकोन १५ फ्रेम. चिन्हाची आडवी आणि उभी रेघ यांत थोडासाच फरक ठेवा. कोणती लांब, एवढंच विद्यार्थ्यांनी कागदावर लिहायचं. फरक ढळढळीत ठेवलात तर काम हलकं होतं आणि प्रयोग फसतो (कारण प्रश्न ४ मध्ये).

तीन खेपा साध्या. चौथ्या खेपेत अधिक-चिन्हासोबतच ठिपक्याच्या जागी छोटा काळा चौकोन. लगेच विचारा: ‘या खेपेला आधी नसलेलं काही दिसलं का?’ उत्तर चिठ्ठीवर, हात वर करून नाही. त्यानंतर आणखी एक खेप अशी घ्या की विद्यार्थी आता सावध आहेत पण चिन्हाचं कामही करत आहेत, आणि शेवटची खेप अशी की चिन्ह सोडून द्यायचं, नुसतं बघायचं. या शेवटच्या खेपेतही ज्याला चौकोन दिसला नाही त्याची नोंद काढून टाका. त्याला चष्मा लागतो आहे किंवा तो मागच्या बाकावर आहे.

जिथे हमखास चुकतं ते असं. एकजण ‘अरे, चौकोन!’ म्हणून ओरडतो आणि पन्नास जणांचा प्रयोग संपतो. म्हणून आठ-दहाच्या गटाने बोलवा आणि झालेला गट बाहेर थांबलेल्यांत मिसळू देऊ नका. दुसरी चूक: एकाच विद्यार्थ्यावर दहा वेळा करून सरासरी काढणं. प्रश्न विचारला त्या क्षणी अनपेक्षितपणा संपला. एका माणसामागे एकच नोंद मिळते, म्हणून माणसं जास्त लागतात.

नावाचा प्रयोग (प्रश्न ३) करणार असाल तर ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन उतारे एकाच आवाजात रेकॉर्ड करून एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे सरकवा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ बंद आहे ना ते आधी पाहा, नाहीतर दोन्ही कानांत दोन्ही उतारे एकत्र येतात आणि कोणाला काही उमगत नाही. वेग मिनिटाला ११० शब्दांच्या आसपास ठेवा. नाव कमीत कमी तीन मिनिटांनी आणा. आणि मराठीची एक खास अडचण: आशा, सुमन, प्रकाश, विजय, उषा ही नावं साधे शब्दही आहेत. ‘आशा सोडू नका’ ऐकून आशाने मान वर केली तर ते नाव होतं की वाक्य? अशांना या प्रयोगातून वगळा.

९. आमचा मुलगा मोबाइलवर असला की दहा हाका मारल्या तरी ओ देत नाही. ऐकून न ऐकल्यासारखं करतो का?

करतही असेल. पण खरोखर ऐकू न येणंही शक्य आहे. डोळ्यांना भारी काम दिलं की कानांकडून येणाऱ्या आवाजाला मेंदूचा पहिला, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागातला प्रतिसादच कमी होतो, हे लावी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मेंदूच्या चुंबकीय नोंदींवरून दाखवलं. दुसऱ्या खोलीतून आवाज चढवण्यापेक्षा त्याच्या नजरेच्या टप्प्यात जा, खांद्यावर हात ठेवा, तो वर पाहीपर्यंत थांबा आणि मग सांगा. मोबाइल हातात नसतानाही हाक ऐकू येत नसेल, टीव्हीचा आवाज वाढवावा लागत असेल, तर कानाची तपासणी करून घ्या.

१०. हँड्सफ्रीवर बोलत गाडी चालवली तर चालतं ना? दोन्ही हात तर मोकळे असतात.

हात मोकळे असतात, लक्ष नसतं. स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांच्या २००१ च्या प्रयोगात हातात फोन असो वा नसो, बोलणाऱ्यांकडून सिग्नल चुकण्याचं प्रमाण सारखंच वाढलं. रेडिओ ऐकण्याने तसं झालं नाही. शेजारी बसलेला माणूस घाटात वळण आलं की गप्प होतो, फोनवरच्याला वळण दिसत नाही.

‘दुचाकी अचानक आली’ असं चारचाकीवाले सांगतात तेव्हा पुष्कळदा ती अचानक आलेली नसते. डोळे गाड्या शोधत असतात, बाइक नव्हे. उजवीकडे वळताना एक नजर फक्त दुचाकीसाठी आणि एक पायी चालणाऱ्यासाठी टाका. काय शोधतोय हे मनात ठरवून बघितलं तरच ते सापडतं. रेल्वेत लोको पायलट आणि सहायक प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात तेही यासाठीच.

११. मग अष्टावधानी माणसं असतात ती?

आळीपाळीने लक्ष देणारी, आणि सोडलेला धागा अचूक उचलणारी. अवधानाच्या पारंपरिक प्रयोगांतही पृच्छक एकामागून एक विचारतात. कोणी श्लोकाची एक ओळ मागतो, कोणी मध्येच घंटा वाजवून टोले मोजायला लावतो. श्रीमद् राजचंद्र यांनी १८८७ मध्ये मुंबईत शतावधानाचे प्रयोग केले होते. हा पराक्रम मुख्यतः स्मृतीचा आहे. एका क्षणी आठ गोष्टींची सारखीच जाणीव असणं हे त्यात नाही. घरी एका शेगडीवर कुकर, दुसरीवर फोडणी आणि कानाला फोन हेही तेच, फक्त मोहरी जळते तेव्हा अदलाबदलीला उशीर झाला हे वासावरून कळतं.

१२. जे दिसलं नाही ते मेंदूत तरी पोचतं का? जाहिरातवाले याचा फायदा घेतात म्हणे.

काही अंशी पोचतं. मोरे यांच्यानंतरच्या प्रयोगांत विजेच्या सौम्य झटक्याशी जोडलेले शब्द दुर्लक्षित कानात आले तेव्हा लोकांना ते कळले नाहीत, पण त्वचेचा विद्युत प्रतिसाद बदलला. हे परिणाम मात्र छोटे आणि अल्पजीवी असतात.

पडद्यावर क्षणभर ‘पॉपकॉर्न खा’ झळकवून विक्री वाढवल्याचा किस्सा १९५७ चा, जेम्स व्हिकरी या अमेरिकी जाहिरात सल्लागाराचा. त्यात तथ्य नसल्याचं त्यानेच १९६२ मध्ये मान्य केलं. तरी दर दोन-चार महिन्यांनी तो नव्याने फॉरवर्ड होऊन येतोच.

१३. लक्ष आहे पण जाणीव नाही, असं कधी होऊ शकतं?

होतं. मेंदूच्या मागच्या बाजूचा, डोळ्यांकडून आलेली माहिती प्रथम हाताळणारा भाग निकामी झालेले काही रुग्ण ‘त्या बाजूचं मला काहीच दिसत नाही’ म्हणतात, पण ‘अंदाजाने बोट दाखवा’ म्हटलं तर बरोबर दाखवतात. लॉरेन्स वाइसक्रांट्झ यांनी १९७० च्या दशकात अशा रुग्णाचा अभ्यास करून याला अंधदृष्टी म्हटलं. १९९९ मध्ये केंट्रिज, हेवूड आणि वाइसक्रांट्झ यांनी पुढची पायरी गाठली: अशाच एका रुग्णाच्या आंधळ्या भागात खूण दाखवून लक्ष तिथे वळवलं, तर त्या जागेच्या लक्ष्याला तो जास्त झटकन प्रतिसाद देऊ लागला. लक्ष गेलं, फायदा झाला, दिसलं काहीच नाही.

उलट बाजू, म्हणजे लक्षाशिवाय जाणीव, अजून वादात आहे. चित्रात प्राणी आहे की नाही एवढं दुसरं भारी काम चालू असतानाही कळतं, असं २००२ मध्ये दिसलं. काम आणखी कठीण केल्यावर तेही कोसळतं, असं २०११ मध्ये.

१४. पक्षाघातानंतर वडील ताटातलं अर्धंच जेवतात. डोळे तपासले, ठीक आहेत.

हे बहुधा एकांगी दुर्लक्ष आहे, मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाल्यावर दिसणारं. डावीकडचं जग लक्षातून गळतं. आपल्या वाढपात भाजी-आमटी उजवीकडे आणि चटणी, कोशिंबीर, लिंबू डावीकडे. त्यामुळे ‘हल्ली त्यांना चटणी आवडत नाही’ असा घरच्यांचा समज होऊ शकतो. ताट अर्धं फिरवून पाहा. उरलेलं खाल्लं तर आवडीचा प्रश्न नव्हता. कागदावर २० सेंटिमीटरची आडवी रेघ काढून मध्य दाखवायला सांगा. अशा रुग्णाची खूण बरीच उजवीकडे पडते. ज्यांचं फक्त अर्धं दृष्टिक्षेत्र गेलेलं असतं ते सहसा मान वळवून भरून काढतात, इथे वळवायचं सुचतच नाही.

हे आठवणीतही घडतं. १९७८ मध्ये बिसियाक आणि लुझाती यांनी मिलानमधल्या रुग्णांना तिथला कॅथेड्रलचा चौक आठवून वर्णन करायला सांगितलं. ज्या टोकाला उभं असल्याची कल्पना करायची त्याच्या उजव्या बाजूच्याच इमारती त्यांना सांगता आल्या, आणि टोक बदलल्यावर आधी सुटलेल्या.

न्यूरोलॉजिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टना हे निरीक्षण जरूर सांगा. ताटाच्या, पानाच्या डाव्या कडेला ठळक लाल पट्टी लावून ‘आधी पट्टी शोधा’ ही सवय लावतात. आणि असं काही अचानक सुरू झालं तर प्रयोग करत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

१५. हे सगळं आपल्याकडे आधीच लिहिलेलं आहे ना?

निरीक्षण आहे. बृहदारण्यकोपनिषदात ‘अन्यत्रमना अभूवं नादर्शम्, अन्यत्रमना अभूवं नाश्रौषम्’ असं आहे: मन दुसरीकडे होतं, म्हणून पाहिलं नाही, ऐकलं नाही. न्यायसूत्रांनी पुढे जाऊन युक्तिवाद केला की एकाच वेळी अनेक ज्ञानं उत्पन्न होत नाहीत, हीच मन असल्याची खूण. यावर शंका अशी की लांब, कुरकुरीत शष्कुली (एक तळलेला पदार्थ) खाताना रूप, रस, गंध, स्पर्श, आवाज सगळं एकदमच जाणवतं. नैयायिकांचं उत्तर: सुई कमळाच्या शंभर पाकळ्या एकदम भेदते असं वाटतं, भेदते मात्र एकेक. प्रश्न ११ चं उत्तर याहून नेटकं देता येणार नाही. पण मिलिसेकंद आणि टक्केवारी त्यात शोधू नये.

१६. ध्यान केल्याने हे सुधारतं का?

एक गोष्ट मोजली गेली आहे. भराभर येणाऱ्या अक्षरांत एक लक्ष्य सापडलं की पुढच्या सुमारे २०० ते ५०० मिलिसेकंदांतलं दुसरं लक्ष्य निसटतं. याला अवधानाची पापणी लवणं म्हणतात. २००७ च्या अभ्यासात तीन महिने, रोज १० ते १२ तास विपश्यना करणाऱ्या १७ जणांत हे निसटणं कमी झालं. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिराला हा निष्कर्ष जसाच्या तसा चिकटवू नका. आणि अनपेक्षित गोष्टी दिसू लागतात असा त्याचा अर्थ नाही. तिथे दोन्ही लक्ष्यं आधी सांगितलेली होती.

१७. लोकांना दिसतं, पण विचारेपर्यंत ते विसरतात, असं नसेल कशावरून?

ही शंका जेरेमी वुल्फ यांनी १९९९ मध्ये घेतली होती: अंधत्व नव्हे, विस्मरण. २०१५ मध्ये वॉर्ड आणि शोल यांनी लोकांना ‘वेगळं काही दिसलं की त्याच क्षणी कळवा’ असं सांगून प्रयोग केला, तरी अनेकांकडून ते चुकलंच. त्यामुळे सगळा दोष आठवणीवर ढकलता येत नाही.

मात्र नवा पेच वेगळा आहे. ‘काही दिसलं का?’ या हो-नाही प्रश्नाला थोडी शंका असली तरी लोक ‘नाही’ म्हणतात. ‘नाही’ म्हणणाऱ्यांनाच ‘ते डावीकडे होतं की उजवीकडे, अंदाजाने सांगा’ असं विचारलं तर त्यांची उत्तरं निव्वळ योगायोगाने यावीत त्याहून जास्त बरोबर निघतात, असं अलीकडच्या मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. हा धूसर अनुभव की प्रश्न १३ सारखी जाणिवेविना माहिती, यावर वाद चालू आहे. प्रश्न ८ मधला प्रयोग करणार असाल तर चौकोन मध्याऐवजी ठिपक्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे ठेवा, चिठ्ठीवर हो-नाहीखाली ‘बाजू कोणती?’ आणि ‘खात्री किती, १ ते ५?’ हे दोन रकाने वाढवा, आणि ‘नाही’ लिहिणाऱ्यांकडूनही ते भरून घ्या.